पालकांची परीक्षा आणि मुलांची सुरक्षा

पालकांच्या स्वभावाची चाचणी घेऊन कोणत्या मुलास घरातच धोका आहे हे आधी ओळखता येईल काय, हा प्रश्न बालसंरक्षणाच्या क्षेत्रात अनेक वर्षे चर्चिला जात आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जोएल मिल्नर यांची १६० विधानांची चाचणी यासाठी १९८० च्या दशकापासून प्रसिद्ध आहे. प्रत्येक विधान मान्य की अमान्य, एवढेच पालकाने नोंदवायचे. मानसिक ताण, स्वभावातील ताठरपणा, असमाधान, कौटुंबिक बेबनाव यांवरून गुण ठरतात.

हेतू स्तुत्य आहे. परंतु हिशेब मांडून पाहावा. समजा, १,००० पालकांत २० जण गंभीर इजा करण्याइतके धोकादायक आहेत आणि चाचणी शंभरात ८५ वेळा अचूक ठरते. ती १७ जणांना हेरील, ३ निसटतील. मात्र उरलेल्या ९८० पैकी १४७ निरपराध पालकांवरही ठपका येईल. आपल्या खानदेशात, बोदवडसारख्या तालुक्यात, पावसाने दगा दिल्यावर कर्जाच्या चिंतेने व्याकूळ झालेली माता तर ताणाच्या रकान्यात सहज अडकेल.

दुसरी बाब अधिक गंभीर आहे. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली महाराष्ट्रासह १३ राज्यांतील पाहणी प्रसिद्ध केली. तीत १२,४४७ मुलांशी बोलणे झाले होते. दर तिघांपैकी दोघांनी शारीरिक छळ सोसला होता. कुटुंबात असा छळ झालेल्यांपैकी ८८.६ टक्के मुलांना आईवडिलांनीच मारले होते. जे घरोघरी घडते, ते मूठभर विकृत पालकांचे लक्षण कसे मानावे? चाचणीत उत्तीर्ण झालेला बापही शिस्तीच्या नावाखाली पट्टा हाती घेऊ शकतो.

म्हणून चाचण्या टाकाऊ ठरत नाहीत. धर्मगुरुपदाच्या उमेदवारांबाबत मानसशास्त्राचा उपयोग कसा करावा, याविषयी रोमने २००८ साली मार्गदर्शक तत्त्वे दिली. त्यांत उमेदवाराची मुक्त संमती व गोपनीयता यांवर भर आहे. सेमिनरीतील तरुणाला जो सन्मान, तोच गरीब मातापित्यांनाही मिळावा. चाचणीने मदतीचे दार उघडावे. केवळ तिच्या आधारे मूल हिरावण्याचा निवाडा होऊ नये.

धर्मग्रामाचे कर्तव्य याहून साधे आहे. विवाहपूर्व मार्गदर्शनात, न मारता मुलांना वळण कसे लावावे, हा विषय असावा. एकाकी मातेची विचारपूस व्हावी. मुलाच्या अंगावर वळ दिसल्यास घरगुती बाब म्हणून मान न फिरवता १०९८ या क्रमांकावर कळवावे. मुलांचे मन खचेल असे वागू नये, हा संत पौलाचा उपदेश सर्वच बापांना आहे. केवळ परीक्षेत नापास झालेल्यांना नव्हे.