दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी

गुजरातेत वाडीनार येथे तेलशुद्धीकरण कारखाना चालविणाऱ्या नायरा एनर्जी या कंपनीला जुलै २०२५ मध्ये आपलीच टपालपेटी उघडता येईना. युरोपीय संघाने निर्बंध जाहीर केले आणि मायक्रोसॉफ्टने पैसे मोजून घेतलेली सेवा थांबविली. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, त्यानंतर सेवा सुरू झाली. कायदा युरोपचा, सेवा अमेरिकेची आणि कुलूप मात्र भारतातल्या कार्यालयाला!

हीच मायक्रोसॉफ्ट गिटहबची मालक आहे. आज्ञावल्या आणि त्यांत कोणी, केव्हा, काय बदल केला याची नोंद साठविणारे हे जगातले सर्वांत मोठे भांडार तिने २०१८ साली साडेसात अब्ज डॉलरला विकत घेतले. आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांचे प्रकल्प, हौशी मंडळींची मराठी शुद्धलेखन तपासणीची साधने, देवनागरी टंकांची मूळ आरेखने आज तिथे पडून आहेत. केवळ कोडच नव्हे, त्या कोडची माहिती देणारी पानेही तिथेच, त्यांच्याच पत्त्यावर. फुकट मिळते म्हणून.

फुकटाची किंमत काय असते, हे गिटच्याच जन्मकथेत पाहावे. लिनक्सचे कार्यकर्ते २००२ पासून बिटकीपर नावाचे एका खासगी कंपनीचे साधन विनामूल्य वापरीत होते. ते वापरू नये असे काही सहकारी कळकळीने सांगत होते. त्यांची संभावना हेकट म्हणून झाली. एप्रिल २००५ मध्ये कंपनीने ही सवलत काढून घेतली. तेव्हा लिनस टोरवाल्ड्स यांनी काही आठवड्यांत गिट घडविले, आणि तेही असे की प्रत्येकाच्या संगणकावर संपूर्ण इतिहासासह प्रत राहावी, कोणा एका मध्यवर्ती मालकाची गरजच उरू नये. मालकाच्या जाचातून जन्मलेले हे साधन. आणि आपण ते पुन्हा एकाच मालकाच्या दारात नेऊन बांधले!

‘प्रत आमच्याकडे आहेच की,’ असे आमचे तरुण अभियंते म्हणतात. कोडची प्रत आहे, हे खरे. परंतु चर्चा, तक्रारींची नोंद, आणि मुख्य म्हणजे लोकांना ठाऊक झालेला पत्ता? तो मालकाचा. जुलै २०१९ मध्ये अमेरिकी निर्बंधांपायी इराण, सीरिया आणि क्रिमियातील वापरकर्त्यांची गिटहबवरील खासगी भांडारे बंद झाली. इराणींना ती दारे जानेवारी २०२१ मध्ये पुन्हा उघडली. गूगल कोड तर कोणत्याही निर्बंधाविना, केवळ मालकाच्या मर्जीने, जानेवारी २०१६ मध्ये मिटले. आणि डिसेंबर २०१४ मध्ये आपल्याच दूरसंचार विभागाने ज्या ३२ संकेतस्थळांवर बंदी घातली, त्यांत गिटहब होते. शेजारच्या बिऱ्हाडाच्या गुन्ह्यासाठी सगळी चाळ सील झाली.

यावर कोणी म्हणेल, मग एक भव्य देशी गिटहब उभारू. उद्घाटने, भाषणे, बोधचिन्ह! परंतु परदेशी घरमालकाच्या जागी देशी घरमालक आला, म्हणून भाडेकरू काही मालक होत नाही. उपाय याहून लहान आहे, आणि लहान आहे म्हणूनच तो कोणाच्या डोळ्यांत भरत नाही.

महिना चार-पाचशे रुपये भाड्याचा सर्व्हर आणि स्वतःच्या नावाचा पत्ता एवढे भांडवल पुरते. भाडे येथेही आहेच. परंतु पत्ता आपला असल्याने कुरबूर झाली की बिऱ्हाड दुसरीकडे हलविता येते, वाचकाला ते कळतही नाही. त्या सर्व्हरवर गिटचे भांडार ठेवावे. कोणी नवा बदल पाठविला की ‘पोस्ट-रिसीव्ह’ या नावाची छोटी आज्ञावली आपोआप चालते आणि सगळी पाने घडवून ठेवते. लेख-माहितीच्या पानांसाठी ह्यूगो किंवा जेकिल, आणि कोडचा इतिहास, फायली, प्रत्येक बदलाचे पान यांसाठी स्टॅगिट. यांना स्थिर पाने म्हणतात. एरवीच्या व्यवस्थेत सर्व्हर हा प्रत्येक विचारणाऱ्यासाठी दप्तर उघडून नव्याने उतारा लिहिणारा कारकून असतो. येथे उतारा एकदाच लिहून फळ्यावर लावलेला असतो. ज्याला हवा त्याने वाचावा. कला शाखेच्या माझ्यासारख्या पदवीधरालाही हा फरक समजला, तर संगणकशास्त्राच्या विभागप्रमुखांना समजावयास हरकत नसावी.

हा फरक आता केवळ सोयीचा राहिलेला नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी मजकूर ओरपणारे यांत्रिक वाचक २०२५ मध्ये स्वतःची भांडारे चालविणाऱ्यांवर टोळधाडीसारखे तुटून पडले. प्रत्येक फाइलचे प्रत्येक जुने रूप, प्रत्येक ओळ कोणी लिहिली याचा तपशील, अशी मागेल तितकी पाने कारकुनाकडून लिहवून घ्यावयाची, कारकून कोसळणारच. सोर्सहटच्या चालकांनी जाहीर तक्रार केली, ग्नोम प्रकल्पाला आपल्या गिटलॅबच्या दाराशी ‘अनुबिस’ नावाचा पहारेकरी बसवावा लागला. त्याच्यापायी खरा माणूसही क्षणभर उंबऱ्यावर ताटकळतो. स्थिर पानांना ही धाड पुष्कळ सुसह्य होते. तयार कागद वाटावयाला श्रम ते किती?

उणिवा आहेत. पानांवर शोध किंवा प्रतिक्रिया हवी असेल तर वेगळी तजवीज लागते. हजारो नोंदींच्या भांडाराची पाने प्रथम घडविताना वेळ जातो. सर्व्हरची निगा आणि दुसऱ्या गावी ठेवावयाची दुसरी प्रत, ही जबाबदारी आपली. कोणाला तरी दर आठवड्याला अर्धा तास द्यावा लागेल, आणि खरी अडचण तीच आहे, तंत्राची नव्हे. ज्या महाविद्यालयांत वर्षाला शेकडो प्रकल्प होतात आणि निकालानंतर त्यांचा मागमूस राहत नाही, त्यांनी येत्या वर्षाच्या अंतिम प्रकल्पांपासून आरंभ करावा. प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात बाद म्हणून ठेवलेला एखादा जुना संगणकही या कामाला पुरेसा आहे.