पेडिग्री आहे, रिपोर्ट कुठाय?

"कुत्र्याचा आणि इंजिनिअरिंगचा काय संबंध?" सबमिशन सोडून हा लेख लिहायला बसलो तेव्हा रूम पार्टनरने विचारलं. संबंध आहे राव, जरा धीर धर!

२०१८ मध्ये मी आठवीत होतो. साताऱ्याला आमच्या घरी शेरू नावाचा अल्सेशियन होता, वय नऊ. एक दिवस फरशीवर त्याच्या मागच्या पायाची नखं घासल्याचा खर्र खर्र आवाज यायला लागला. मग पंजा उलटा पडायला लागला, मग चालताना मागचा भाग झोलपटू लागला. बाबा म्हणाले, वय झालं. सात-आठ महिन्यांत मागचे दोन्ही पाय गेले. तरी फाटक वाजलं की पठ्ठ्या पुढच्या दोन पायांवर स्वतःला ओढत यायचाच. निदान कधी झालं नाही. पण फर्स्ट इयरला 'डीजनरेटिव्ह मायलोपथी'बद्दल वाचलं आणि एकेक लक्षण ओळखीचं निघालं.

हा मज्जारज्जूचा आजार. जर्मन शेफर्डमध्ये त्याचं वर्णन १९७३ सालीच झालं होतं, पण जनुकातलं कारण सापडलं २००९ मध्ये. एसओडी-१ या जीनमध्ये एका अक्षराची चूक! 'जी'च्या जागी 'ए'. एक सेमीकोलन राहिला म्हणून रात्र घालवलेल्यांना जास्त सांगायला नको. (माणसांच्या एएलएसच्या काही केसेसमध्ये हाच जीन बिघडलेला असतो, हे १९९३ पासून माहीत आहे.)

आता थोडं डिजिटल. प्रत्येक जीनच्या दोन कॉप्या, एक आईकडून, एक बापाकडून. दोन्ही बिघडल्या तर धोका. म्हणजे सरळ सरळ अँड गेट! एकच बिघडलेली असली तर तो 'कॅरिअर', स्वतः सहसा ठणठणीत. दोन कॅरिअरची जोडी लावली तर सरासरी चारातलं एक पिल्लू धोक्यात. कॅरिअर आणि क्लिअर अशी लावली तर एकही नाही.

खरी गोम वयात आहे. आजार दिसतो साधारण आठ वर्षांनंतर, तोवर त्या कुत्र्याला नातवंडंसुद्धा झालेली असतात. नुसतं बघून जोडी ठरवण्यात काही अर्थच नाही. टेस्टला मात्र गालाच्या आतून फिरवलेली एक काडी पुरते.

मागच्या दिवाळीत पार्टनरच्या काकांबरोबर पिल्लू बघायला गेलो होतो. ब्रीडरने पेडिग्री सर्टिफिकेट पुढे केलं, पार पणजोबांपर्यंतची नावं! मी विचारलं, "आईबापाचा डीएम रिपोर्ट?" तर म्हणाला, "आपल्याकडे आजारी माल नसतो." माल! राग आला, पण त्याची चूक अर्धीच. इतक्या वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं त्याला. गिऱ्हाईक रंग, कान आणि भाव विचारतं. मग टेस्टचा खर्च तो कशाला करेल?

याचा अर्थ सगळे कॅरिअर बाद करा, असं मी म्हणत नाही. हे तर मला जास्त घातक वाटतं. या जातीची नोंद १८९९ पासूनची, आणि शुद्ध जात म्हणजे बाहेरचं रक्त बंद. आहेत त्यातलेही कॅरिअर काढून टाकले तर उरलेल्यांची आपसातच लग्नं लागणार आणि दुसरा कुठला तरी लपलेला दोष वर येणार. एक बग काढताना तीन नवे! त्यापेक्षा कॅरिअरला क्लिअर जोडीदार द्या, पिल्लं तपासा, हळूहळू दोष कमी करा. आणि रिपोर्ट म्हणजे काही मृत्युपत्रिका नव्हे. दोन्ही कॉप्या बिघडलेली कितीतरी कुत्री म्हातारी होऊन भलत्याच कारणाने जातात.

असो. काकांनी ते पिल्लू घेतलंच, काकूंना त्याचे डोळे आवडले! आता मी त्याला शेकहँड शिकवतोय. नर आहे, त्यामुळे शेजारच्या गल्लीतून मागणी यायच्या आत काडी फिरवून घ्यायला हवी. सेमिस्टर संपली की जाणार आहे.