पाटीवर नाव कुणाचं?



हल्ली आपल्या बऱ्याच मुली ऑप्टोमेट्री शिकतात. बारावी सायन्सनंतर चार वर्षांची पदवी, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. शिक्षण संपेपर्यंत घरात सगळे खूश असतात. खरी चर्चा सुरू होते ती नंतर. पुण्याच्या किंवा कोल्हापूरच्या मॉलमध्ये मोठ्या कंपनीच्या दुकानात नोकरी धरायची, की आपल्याच गावात स्वतःचं दुकान टाकायचं? माझं सासर चष्म्याच्या दुकानाचं. बावीस वर्षं मी गल्ल्यावर बसते आणि नणंदेची मुलगी याच विषयात शिकून नोकरी करते आहे. त्यामुळे मंदिरातून बाहेर पडताना, लग्नाच्या पंगतीत, कुठेही मला हा प्रश्न विचारला जातो. प्रत्येकीला उभ्या उभ्या अर्धंच उत्तर मिळतं, म्हणून आज नीट लिहिते.

आधी एक गोष्ट साफ करते, कारण आपल्याकडे सगळ्यांनाच 'चष्मेवाले' म्हणतात. डोळ्यांचे डॉक्टर म्हणजे नेत्रतज्ज्ञ. औषधं, ऑपरेशन त्यांचं काम. ऑप्टिशियन नंबरप्रमाणे चष्मा बनवून, बसवून देतो. ऑप्टोमेट्रिस्ट डोळे तपासून नंबर काढते, कॉन्टॅक्ट लेन्स बसवते आणि काही वेगळं दिसलं की वेळेवर डॉक्टरांकडे पाठवते. २०२१ साली केंद्र सरकारने आरोग्यसेवेतल्या अशा व्यवसायांसाठी कायदा केला, त्यात ऑप्टोमेट्रिस्टचं नाव आहे. म्हणजे मुलगी शिकली आहे ते दुकानदारीपेक्षा जास्त आहे. पुढचं सगळं वाचताना एवढं लक्षात ठेवा.

आता नोकरीची बाजू. मॉलचं नाव काढलं की आपल्याकडे नाकं मुरडतात, पण मला ते पटत नाही. पूर्वी मोठ्या शहरात लॉरेन्स अँड मेयोसारखं एखादं जुनं नावाजलेलं दुकान असायचं, बाकी सगळे आमच्यासारखे. टायटनने २००७ मध्ये चष्म्याची दुकानं सुरू केली, २०१० मध्ये लेन्सकार्ट आलं, आणि या धंद्यात पगारी नोकऱ्या निघाल्या. महिन्याच्या ठरलेल्या तारखेला पगार, प्रॉव्हिडंट फंड, आठवड्याची सुट्टी, आणि बाळंतपणाची २६ आठवड्यांची भरपगारी रजा. गावातल्या कुठल्या दुकानात मुलीला हे मिळतं, सांगा. रात्रीच्या वेळेबद्दल आयांना काळजी असते. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकानं-आस्थापना कायद्याप्रमाणे बाईला रात्री साडेनऊनंतर कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते आणि सुरक्षिततेची व्यवस्था मालकाला करावी लागते. नोकरी धरताना हे विचारून घ्यायला लाजू नये.

शिकायलाही तिथे मिळतं. पहिल्यांदाच प्रोग्रेसिव्ह चष्मा घेणारे, लॅपटॉपपुढे दहा तास बसणारे, डोळ्यांत लेन्स घालायला घाबरणाऱ्या कॉलेजच्या मुली, असे सगळे एका दिवसात समोर येतात. गावात तेवढे पाहायला बराच काळ जातो. हिशेब, स्टॉक, तक्रार आलेल्या गिऱ्हाइकाशी कसं बोलायचं, हे दुसऱ्याच्या दुकानात शिकलेलं बरं.

मग अडतं कुठे? माझ्या भाचीच्या पहिल्या नोकरीत तिला महिन्याचं टार्गेट होतं. किती डोळे तपासले याचं नव्हे, किती जणांना महागडं कोटिंग आणि दुसरा चष्मा दिला याचं. तिथल्या मॅनेजरला मी दोष देत नाही, त्याच्याही डोक्यावर टार्गेट होतं. पण या कामात काही वेळा 'आज चष्मा घेऊ नका' हेच बरोबर उत्तर असतं, आणि ते कुठल्याच तक्त्यात भरता येत नाही.

दोन उदाहरणं देते. पन्नाशीच्या एक बाई येतात, चार महिन्यांत लांबचं एकदम धूसर झालं म्हणतात. मशीन नवा नंबर दाखवतं. पण रक्तातली साखर वाढली की डोळ्यातलं भिंग बदलतं आणि नंबर तात्पुरता हलतो. त्या दिवशी चष्मा केला तर साखर आटोक्यात आल्यावर तो निरुपयोगी. त्यांना सांगायचं असतं की आधी साखर तपासा, डॉक्टरांना पडदा दाखवा, काही आठवड्यांनी परत या. दुसरं उदाहरण लहान मुलांचं. मुलाचा डोळा मशीनमध्ये बघताना जवळ पाहण्यासाठी ताण घेतो आणि आहे त्यापेक्षा जास्त मायनस नंबर छापून येतो. अशा मुलाला थेंब घालून तपासायला डॉक्टरांकडे पाठवावं लागतं. दोन्ही वेळा त्या दिवशीची विक्री शून्य. टार्गेटखाली असलेली बावीस-तेवीस वर्षांची मुलगी हे किती वेळा बोलू शकेल?

आपल्याकडे अचौर्य व्रताच्या दोषांत खोटं माप आणि भेसळीचा माल हेही धरतात. चष्म्याच्या दुकानात माप म्हणजे नंबर. गरज नसताना पाव नंबर वाढवून नवा चष्मा गळ्यात मारणं हे खोटं मापच झालं. ते मॉलमध्ये होतं तसं गल्लीतही होतं, हेही मी बावीस वर्षांत पाहिलं आहे. फरक एवढाच की स्वतःच्या दुकानात 'आज नको' म्हणायला कुणाची परवानगी लागत नाही.

म्हणूनच माझं मत स्वतःच्या दुकानाच्या बाजूने आहे. दुसरंही कारण आहे. गावातली ऑप्टोमेट्रिस्ट एका माणसाला वर्षानुवर्षं बघते. त्याचं कार्ड तिच्याकडे असतं. मुलाचा नंबर सहा महिन्यांत किती वाढला ते तिला कार्डावर दिसतं, आणि आईला बोलावून सांगता येतं. मोठ्या दुकानातही कॉम्प्युटरवर नोंद असते, पण तपासणारी मुलगी बदलून गेलेली असते.

बाई तपासायला असली की बायका बोलतात, हे तर मी रोज बघते. जवळचा नंबर काढताना सरसकट पुस्तक हातात देतात. पुस्तक आपण साधारण ४० सेंटिमीटरवर धरतो, त्यासाठी डोळ्याला अडीच नंबरची ताकद लागते. पण आमच्या गिऱ्हाईक काकू ताट मांडीवर घेऊन तांदूळ निवडतात. ते अंतर ५० सेंटिमीटर धरलं तर दोनच नंबर लागतो. पुस्तकाच्या चष्म्याने ताटातला खडा किंवा सोंडा नीट दिसत नाही, आणि काकू म्हणतात चष्माच चुकला. सुईत दोरा ओवायचा तर ३३ सेंटिमीटर, म्हणजे तीन नंबर. 'काकू, दिवसभरात जवळचं काय काय करता?' हा एक प्रश्न विचारायला पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं मोकळी असणं म्हणजे माझ्या मते स्वतःची प्रॅक्टिस.

आता आपल्या घरातलं बोलते. आपल्याकडे 'स्वतःचं दुकान' म्हणतात तेव्हा ते बहुतेक वेळा मुलीचं नसतंच. ते सासऱ्यांचं, दिरांचं किंवा वडिलांचं असतं. पदवी सुनेची, तपासणी सुनेची, आणि पाटीवर नाव घराण्याचं. पगार विचारला तर 'घरचंच तर आहे' असं उत्तर येतं. लोकांना 'आमची सून दुकानात मदत करते' असं सांगतात. चार वर्षं शिकून आलेली मुलगी डोळे तपासते तेव्हा ती मदत करत नाही, मैत्रिणींनो. दुकान तिच्या पदवीवर चाललेलं असतं.

मॉलच्या नोकरीतलं मला सगळ्यात आवडतं ते हेच. महिन्याच्या शेवटी एक कागद मिळतो, त्यावर तिचं नाव आणि तिच्या कामाची किंमत छापलेली असते. घरच्या दुकानात हा कागद नसेल, तर मी त्या मुलीला बेधडक मॉलमध्ये जा म्हणते. टार्गेटचा त्रास परवडला. दहा वर्षं काम करून कुठेच नाव नसणं परवडत नाही. पुढे कर्ज काढायचं झालं, वाटण्या झाल्या, काही अघटित घडलं, तर हातात दाखवायला काहीच राहत नाही. आमच्या सासूबाई फार शिकलेल्या नाहीत, पण माझ्या पहिल्याच दिवाळीला वहीपूजनाआधी त्यांनी सासऱ्यांना सांगितलं, की तिचा पगार खर्चात मांडा. मी तर नुसती गल्ला सांभाळणारी. शिकलेल्या सुनेसाठी हे आधी व्हायला हवं.

तो पगार मांडल्याशिवाय दुकानाचा खरा हिशेबही कळत नाही. समजा, माल, भाडं, वीज वजा जाता महिन्याला ४० हजार उरले. घरात सगळे म्हणतात, मॉलमध्ये २५ हजार मिळत होते, इथे ४० मिळाले. पण ते २५ हजार तिच्या कामाचे आहेत. ते बाजूला काढले की दुकानाचा नफा १५ हजार. गाळा घरचा असेल तर त्याचं भाडंही वजा करायला हवं. मग उरतं त्यावर ठरवा, दुकान चालतंय की मुलगी दुकान चालवतेय.

सुरुवातीला फार मोठा डामडौल लागत नाही. ट्रायल सेट, रेटिनोस्कोप, अक्षरांचा तक्ता आणि लेन्सोमीटर यांवर तपासणी उभी राहते. तक्ता सहा मीटरवर लागतो आणि गाळा एवढा लांब नसतो, म्हणून आरसा लावून तीन मीटरच्या खोलीत तेवढं अंतर साधतात. काच कापायचं मशीन पहिल्या दिवशी नको, मोठ्या गावातल्या लॅबकडून काच बसवून मिळते. पैसा अडकतो तो फ्रेममध्ये. सेल्समन उधारीवर ट्रे भरून देतात, वर्षभराने फॅशन बदलते आणि माल पडून राहतो. मुद्रा योजनेत पाच लाखांपर्यंत 'किशोर' आणि दहा लाखांपर्यंत 'तरुण' कर्ज मिळतं. ते मुलीच्या नावावर काढा. २२ सप्टेंबर २०२५ पासून नंबरच्या चष्म्यावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, त्याने गिऱ्हाइकाला दिलासा आहे. पण तो मोठ्या दुकानालाही आहे, त्यामुळे तेवढ्या जोरावर दुकान काढू नका. त्यांच्या 'एकावर एक फ्री'शी आपण भावात जिंकणार नाही. आपल्याकडे विकायला तपासणी आहे. म्हणून तपासणीची फी घ्या, थोडी का होईना. फुकट तपासलं की त्याची वसुली काचेतून करायचा मोह होतो.

वेळेचंही खरं सांगते. स्वतःचं दुकान म्हणजे संध्याकाळी लवकर घरी, असं समजू नका. थंडीत सहा-सव्वासहाला दिवस मावळतो आणि तेव्हाच गिऱ्हाइकांची गर्दी सुरू होते. फरक इतकाच, की स्वतःच्या दुकानात साडेपाचला शटर अर्धं ओढून डबा खाता येतो. मॉलमध्ये जेवणाची सुट्टी पाळीप्रमाणे मिळते. दशलक्षणाचे दहा दिवसही तसेच: दुकान आपलं असेल तर वेळ आपण ठरवतो, आणि बंद ठेवल्याचं नुकसानही आपणच सोसतो.

तेव्हा मला विचाराल तर पदवीनंतर दोन-तीन वर्षं नोकरी करू द्या, त्यातच लग्नाची घाई करू नका. मग दुकान, पण तीन अटींवर. पाटीवर आणि कागदोपत्री तिचं नाव, पदवीसकट. दर महिन्याला तिच्या स्वतःच्या खात्यात पगार. आणि तपासणीची वेगळी खोली, जिच्यात ती 'आज चष्मा नको' म्हणाली की बाहेर बसलेल्या कुणीही तो शब्द मोडायचा नाही.

लग्न ठरवताना आपण मुलाकडच्यांना विचारतो, दुकान कुठे आहे, किती वर्षांचं आहे, गाळा स्वतःचा आहे का. मुलगी ऑप्टोमेट्रिस्ट असेल तर त्यात एक प्रश्न वाढवा. ती तुमच्या दुकानात बसली, तर तिचा पगार किती ठरवला आहे? उत्तर द्यायला समोरचे किती वेळ घेतात, तेवढंच बघा.