पाइनची पाने आणि भरल्या पोटाचे वैद्य

पाइनच्या सुयांसारख्या पानांचा चहा प्या. त्यात लिंबाच्या कितीतरी पट क जीवनसत्त्व आहे, तो फुकट आहे आणि उत्तर अमेरिकेच्या मूलनिवासींना तो शतकानुशतके ठाऊक होता, असा एक पक्ष हल्ली चढ्या आवाजात मांडला जातो. चढ्या आवाजाला पुरावा थोडकाच लागतो, हे गव्हांकुराच्या रसाच्या वेळीच दिसले होते; तेव्हा हरितद्रव्याला ‘हिरवे रक्त’ म्हटले की वाद संपत असे.

या पक्षाचा हुकमी एक्का म्हणजे फ्रेंच दर्यावर्दी झाक कार्तिए. १५३५-३६च्या हिवाळ्यात आजच्या क्वेबेकजवळ त्याची गलबते बर्फात अडकली, स्कर्व्हीने पंचवीसएक माणसे गेली आणि स्थानिकांनी दाखवलेल्या ‘अनेडा’ झाडाच्या काढ्याने उरलेली उठून बसली. गोष्ट खरीच आहे. पण ते झाड कोणते, यावर अभ्यासकांचे अजून एकमत नाही. पुष्कळांचा कल थुजाकडे, काहींचा फरकडे. म्हणजे पाइनच्या बाजूने उभा केलेला साक्षीदार पाइनच होता की नाही, इथूनच शंका! बरे, तो पाइन होता असे धरू. बरे झाले ते कोण? महिनोन्महिने ताजे फळ-भाजी न मिळालेले खलाशी. दुसऱ्या महायुद्धात लेनिनग्राडच्या वेढ्यात पाइनच्या पानांचा अर्क वाटला गेला, तोही उपाशी शहरात. स्कर्व्ही टाळायला दिवसाला दहाएक मिलिग्रॅम क जीवनसत्त्व पुरते. ज्याला तेवढेही मिळत नाही, त्याला असा पाला संजीवनीच. त्यावरून आवळा-पेरू खाणाऱ्याची प्रकृती या चहाने आणखी तेजाळेल, हे कसे ठरते? गरजेपेक्षा फार जास्त घेतलेले क जीवनसत्त्व बहुतांशी लघवीवाटे निघून जाते. वेढ्यातले औषध सुखवस्तू घरात आले की त्याचे फक्त पेय होते.

या चहात ‘सुरामिन’ असल्याची आवई २०२१ मध्ये उठली. ते झाडात सापडत नाही; ते शतकापूर्वी प्रयोगशाळेत घडवलेले औषध आहे. शिवाय पाने ओळखण्यात चूक होऊ शकते: विषारी यू वृक्षाची पानेही सुयांसारखीच दिसतात. खरा पाइनही सरसकट निर्धोक नाही: पाँडेरोसा पाइनची पाने खाऊन गाभण गायी गाभडतात. आणि कोकणच्या किनाऱ्यावर सुरूच्या बनात पिशवी घेऊन निघालेल्यांनी एवढे लक्षात घ्यावे, की सुरू हा पाइनचा दूरचाही नातलग नव्हे.

झाडाशी वैर नाही. कोरियात चुसोकच्या सणाला तांदळाचे सोंगप्योन पाइनच्या पानांच्या थरावर वाफवतात. आपल्या पातोळ्यांना हळदीच्या पानाचा वास लागतो तसा त्यांना या पानांचा लागतो, आणि आयुष्य वाढते असा दावा त्यासाठी करावा लागत नाही. उत्तराखंडात जंगलात पडलेला पाइनच्या पानांचा वाळका ‘पिरुल’ वणव्याला खाद्य पुरवतो. तो गोळा करून त्याच्या जळाऊ कांड्या करतात. पाने वेचण्याची हौसच असेल, तर ती तिथे कामी येईल.