सल्ल्याला उत्तर हवं

पायरीपाशी : साप्ताहिक स्तंभ

बैठकीचं पत्र आलं तेव्हा संध्याकाळचे पावणेसहा वाजले होते. बैठक दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला. पत्र म्हणजे सही-शिक्क्याच्या कागदाचा मोबाइलवर काढलेला फोटो, समितीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकलेला. दहा मिनिटांत आमच्या एका अंध सहकाऱ्यांचा फोन आला. "ताई, काय आलंय बघा ना. माझा फोन नुसताच 'फोटो' म्हणतोय." मी पत्र वाचून दाखवलं. विषयपत्रिका त्यांनी दोनदा वाचायला लावली, कारण त्यांना ती पाठ करायची होती. मग रात्री उशिरापर्यंत सोबतीला येणाऱ्या माणसाची शोधाशोध. शेवटी भाच्याने कामाची पाळी बदलून घेतली. पहाटेची एस.टी. धरून दोघं साडेदहालाच जिल्ह्याच्या ठिकाणी हजर होते.

बैठक साडेबाराला सुरू झाली आणि एकच्या आत संपली.

दिव्यांगांच्या जिल्हास्तरीय समितीवर मी एक मुदत अशासकीय सदस्य होते. लहानपणी पोलिओ झाल्यापासून कॅलिपर आणि कुबडी माझ्या सोबतीला आहेत. त्यामुळे सरकारी कचेरीच्या पायऱ्या मला नव्या नव्हत्या. नवं होतं ते टेबलाच्या या बाजूला बसणं. त्या काळात जे पाहिलं, ते लिहायला मी बराच वेळ घेतला. जिल्ह्याचं नाव लिहीत नाही, कारण प्रश्न एका कार्यालयाचा नाही.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्याच्या ६६व्या कलमानुसार प्रत्येक राज्यात एक सल्लागार मंडळ हवं. खात्याचे मंत्री त्याचे अध्यक्ष. सदस्यांत दहा दिव्यांग व्यक्ती, त्यांतल्या किमान पाच स्त्रिया, शिवाय क्षेत्रातले पाच जाणकार आणि जिल्ह्यांचे पाच प्रतिनिधी. मुदत तीन वर्षांची. बैठक सहा महिन्यांतून किमान एकदा. म्हणजे कायद्याने ठरवून दिलेल्या किमान वेगाने गेलं, तर एका सदस्याच्या वाट्याला सहा बैठका येतात. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात दिव्यांग व्यक्ती मोजल्या गेल्या २९ लाख ६३ हजार. त्यांच्या वतीने बोलायला सहा बैठका.

आणखी एक हिशेब करा. जिल्ह्यांचे पाच प्रतिनिधी आळीपाळीने घ्यायचे, असं कलम सांगतं. महाराष्ट्रात जिल्हे ३६. दर तीन वर्षांनी पाच, या गतीने एका जिल्ह्याची पाळी पुन्हा यायला एकवीस वर्षांहून जास्त लागतील. आज शाळेत जाणारं मूल तोवर नोकरीला लागलेलं असेल, किंवा नोकरीविना घरी बसलेलं असेल. म्हणूनच ७२व्या कलमातल्या जिल्हास्तरीय समितीला मी राज्य मंडळाइतकंच मोल देते. गावातलं, वस्तीवरचं माणूस खरोखर पोहोचू शकतं ते इथवरच.

आणि पोहोचलं, तर काय होतं? एक प्रसंग सांगते. प्रमाणपत्रासाठी तपासणीचं शिबिर तालुक्याला भरायचं, पण दूरच्या पाड्यांवरून माणसं येत नव्हती. अधिकाऱ्यांनी जाहिरात वाढवली, पत्रकं वाटली. आमच्यात सिकलसेल असलेली एक तरुणी होती. २०१६ च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस केले, त्यांत सिकलसेल आला, म्हणून ती त्या टेबलापाशी होती. ती म्हणाली, "शिबिर आठवडी बाजाराच्या दिवशी ठेवा." कार्यालयाने तो दिवस मुद्दाम टाळला होता, गर्दी नको म्हणून. ती म्हणाली, "आमच्याकडून गाड्या त्याच दिवशी सुटतात. बाकीच्या दिवशी यायचं तर आठ किलोमीटर चालायचं. आणि चालू शकत असतो तर शिबिराला कशाला आलो असतो?" तारीख बदलली. पुढच्या शिबिरात ओसरीवर बसायला जागा नव्हती. या सल्ल्याला एक रुपया खर्च आला नाही. तो कुठल्याही अहवालात सापडला नसता, कारण तो तिच्या पायांना ठाऊक होता.

या समित्यांवर दिव्यांग माणसं का हवीत, याचं माझ्यापाशी एवढंच उत्तर आहे. जगभरच्या दिव्यांग चळवळीची घोषणा आहे, आमच्याविषयी आमच्याशिवाय काहीही नको. संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क करारात ती सरकारांवरची जबाबदारी होऊन आली. धोरण आखताना दिव्यांगांशी, त्यांच्या संघटनांमार्फत, सल्लामसलत करायची आणि त्यांना कामात सामील करून घ्यायचं, असं त्या कराराचं चौथं कलम सांगतं. भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी तो करार स्वीकारला. त्यामुळे आम्हाला बैठकीला बोलावणं हा कोणाचा मोठेपणा नाही. ते दिलेल्या शब्दाला जागणं आहे.

पण ही सेवा 'स्वेच्छेची' म्हणताना तिची किंमत कोण मोजतं, हेही पाहायला हवं. एस.टी.त आम्हाला ७५ टक्के सवलत आहे, पण स्थानकापासून कचेरीपर्यंत रिक्षावाला पूर्ण भाडं घेतो. अंध सदस्यासोबत येणाऱ्याचा दिवस बुडतो. आमच्यातल्या एका आईचा मुलगा वीस वर्षांचा आहे. त्याला बौद्धिक दिव्यांगत्व आहे, तो अनोळखी माणसापाशी राहत नाही. ती प्रत्येक बैठकीसाठी गावाहून बहिणीला बोलावून घ्यायची. बहीण आली नाही, तर आईची खुर्ची रिकामी. त्या दिवशी हजेरीपटावर तिच्या नावापुढे 'अनुपस्थित' एवढंच लागायचं.

एक चूक माझीही सांगते. पहिल्या बैठकीत मी वीस मिनिटं बोलले आणि सगळं उताराच्या रस्त्यांवर, कठड्यांवर, स्वच्छतागृहांच्या दारांवर बोलले. माझ्यासमोर एक कर्णबधिर सदस्य बसल्या होत्या. सांकेतिक भाषेचा दुभाषा नव्हता. त्यांनी दोनदा हात वर केला आणि मी बोलतच राहिले. बैठक संपल्यावर त्यांनी माझ्या वहीत लिहिलं, 'तुमचं झालं असेल तर माझं एक वाक्य होतं.' ती वही मी जपून ठेवली आहे. ज्याला पायरी अडते, त्याला दुसऱ्याची अडचण आपोआप कळते असं नाही. समितीवरच्या प्रत्येकाने हे आधी स्वतःला बजावावं. आपण आपल्या एका प्रकारच्या दिव्यांगत्वाचे किंवा आपल्या संस्थेचे वकील म्हणून तिथे गेलेलो नसतो.

आता मुख्य दुखण्याकडे येते. सल्ला दिला, पुढे काय?

इतिवृत्तात एक वाक्य सर्रास असतं, 'सदस्यांनी मांडलेल्या मुद्द्यांची नोंद घेण्यात आली.' कोणी मांडला, काय मांडला, करायचं कोणी, कधीपर्यंत, यातलं काहीही नाही. पुढच्या बैठकीत तोच मुद्दा पुन्हा मांडावा लागतो, कारण मधल्या काळात अधिकारी बदललेले असतात. तीन वर्षांत मुदत संपते. नवे सदस्य येतात आणि त्याच मुद्द्यावर पहिल्यापासून सुरुवात करतात. माझ्या मुदतीतल्या माझ्या स्वतःच्या सूचना मी मोजल्या. चौदा होत्या. त्यांतल्या तिनांवर काम झालं. दोन नाकारल्या गेल्या आणि का नाकारल्या ते मला नीट सांगितलं गेलं, त्याबद्दल मी त्या अधिकाऱ्यांची आजही ऋणी आहे. उरलेल्या नऊंना ना होकार मिळाला, ना नकार. माणसाला थकवतं ते हे. नकार पचतो, त्याच्याशी वाद घालता येतो. पण जिथे उत्तरच नाही, तिथे माणूस हळूहळू यायचं थांबतो, आणि मग कागदावर दिसतं की सदस्यांना रस नव्हता.

तरीही सल्ल्याला फळ येतं, याचा दाखला खुद्द हा कायदाच आहे. २०१० मध्ये केंद्र सरकारने नव्या कायद्याचा मसुदा करायला डॉ. सुधा कौल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्यात दिव्यांग व्यक्ती आणि त्यांच्या संघटनांची माणसं होती. २०११ मध्ये समितीने मसुदा दिला. २०१४ च्या फेब्रुवारीत राज्यसभेत विधेयक आलं, तेव्हा त्यातलं बरंच पातळ झालेलं होतं. अनेक संघटनांनी हरकती घेतल्या, स्थायी समितीपुढे जाऊन बाजू मांडली, कलमामागून कलम धरून ठेवलं. डिसेंबर २०१६ मध्ये कायदा झाला. मसुद्यातलं सगळं त्यात आलं नाही. पण सरकारी नोकरीतलं चार टक्के आरक्षण आणि एकवीस प्रकारांची यादी आपल्या हाती आहे, ती मंत्रालयाच्या आणि संसदेच्या खोल्यांत पुन्हा पुन्हा जाऊन बसलेल्या माणसांमुळे.

याच कायद्यात एक काटाही राहून गेला आहे. सल्लागार मंडळाचा सदस्य कोण होऊ शकत नाही, याची यादी ६८व्या कलमात आहे. न्यायालयाने ज्याला 'अस्थिर मनाचा' ठरवलं, तो त्या यादीत आहे. मानसिक आजाराला दिव्यांगत्व मानणाऱ्या कायद्याने त्याच माणसांपैकी काहींना सल्ल्याच्या खोलीबाहेर ठेवावं, हे मला पटत नाही. ते शब्द काढले पाहिजेत.

आणि सल्ला ऐकून घेणं हा काही केवळ सौजन्याचा भाग नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालातही दिसतं. राजीव रतुरी या दृष्टिबाधित नागरिकाने २००५ मध्ये सार्वजनिक जागा सर्वांना वापरता याव्यात म्हणून याचिका केली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने २०१७ च्या नियमांतला पंधरावा नियम कायद्याशी विसंगत ठरवला. सुगम्यतेची मानकं नुसती शिफारस म्हणून ठेवता येणार नाहीत, ती बंधनकारक करा, आणि संबंधितांशी सल्लामसलत करून करा, असा तो आदेश आहे. एकोणीस वर्षं एका माणसाने वाट पाहिली. त्याची वाट आपल्या जिल्ह्यातल्या बँकेच्या, तहसिलीच्या, शाळेच्या दारापर्यंत आणायची, तर ती दारं ओळखणारी माणसं जिल्ह्याच्या समितीत बोलती हवीत.

म्हणून माझ्या मागण्या फार मोठ्या नाहीत. वर्षाच्या बैठकांच्या तारखा जानेवारीतच ठरवा. विषयपत्रिका पंधरा दिवस आधी द्या, आणि फोटो नको, युनिकोडमध्ये टंकलेला मजकूर द्या, म्हणजे अंध सदस्याचा फोन तो वाचून दाखवेल. प्रत्येक बैठकीला दुभाषा बोलवा. सोबत्याचं भाडं सदस्याच्या भाड्याइतकंच हक्काचं माना. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे प्रत्येक सूचनेला क्रमांक द्या आणि पुढच्या बैठकीआधी तिला लेखी उत्तर द्या. मान्य, अमान्य, कारण, मुदत. चार रकाने. महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग केला. त्या विभागाने एक परिपत्रक काढलं तर हे चार रकाने प्रत्येक जिल्ह्यात सुरू होतील.

समितीवर असलेल्या मित्रांनाही एक सांगणं आहे. नेमणुकीचं पत्र चौकटीत लावून ठेवू नका. बैठकीला जाण्याआधी आपल्याहून वेगळं दिव्यांगत्व असलेल्या तिघांना भेटा. बोललेलं सगळं लेखी द्या आणि पोच घ्या. मुदत संपताना आपली फाइल नव्या सदस्याच्या हाती स्वतः नेऊन द्या. आपण गेल्यावर मुद्दा मागे उरला, तर आपली तीन वर्षं कारणी लागली.

आणि वाचकहो, तुमचंही एक काम आहे. सरकारी कार्यालयाला सल्ला देणाऱ्या समित्या कोणत्या आणि त्यांची इतिवृत्तं लोकांना पाहता येतात की नाही, हे कार्यालयाने आपणहून जाहीर करावं, असं माहिती अधिकार कायदा, २००५ चं चौथं कलम सांगतं. ते जाहीर नसेल तर मागा. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. अर्जदार अंध किंवा कर्णबधिर असेल, तर माहिती मिळवायला मदत करणं हे सातव्या कलमाने माहिती अधिकाऱ्याचं कर्तव्य ठरवलं आहे. अर्जात दोनच ओळी लिहा : आमच्या जिल्ह्याच्या दिव्यांग समितीच्या गेल्या तीन वर्षांत किती बैठका झाल्या? त्या सर्व बैठकांची इतिवृत्तं आणि सदस्यांच्या सूचनांना दिलेली उत्तरं द्यावीत.