गाठ काढल्यानंतरची जबाबदारी

डोक्यातील गाठ ‘साधी’ की ‘कॅन्सरची’, हा प्रश्न शस्त्रक्रियेनंतर नातलग सर्वप्रथम विचारतात. आणि या दोहोंपैकी एक उत्तर मिळाल्याखेरीज त्यांचे समाधान होत नाही. मेनिंजिओमा या विकारात मात्र तिसरे उत्तरही संभवते, व तेच समजावून सांगावयास कठीण असते. मेंदूभोवतीच्या आवरणातून वाढणाऱ्या या गाठीला हार्वे कुशिंग या अमेरिकन शल्यविशारदांनी १९२२ साली हे नाव दिले. यांतील बहुतेक गाठी संथ वाढतात. परंतु सुमारे एकपंचमांश दुसऱ्या श्रेणीच्या, म्हणजे ‘ॲटिपिकल’ ठरतात. त्यांना सरसकट कॅन्सर म्हणता येत नाही. पण काढल्यावर पुन्हा उद्भवण्याची त्यांची प्रवृत्ती साध्या गाठीहून कितीतरी अधिक असते.

ही श्रेणी मुख्यतः सूक्ष्मदर्शकाखाली ठरते. ठरावीक दहा क्षेत्रांत विभाजन पावणाऱ्या चार ते एकोणीस पेशी आढळल्या तर गाठ दुसऱ्या श्रेणीची, वीस वा अधिक आढळल्या तर तिसऱ्या. मेंदूच्या ऊतीत झालेला शिरकाव हा जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये स्वतंत्र निकष मानला. २०२१ च्या वर्गीकरणात काही जनुकीय बदलांनाही स्थान मिळाले. ‘साधी’ आणि ‘ॲटिपिकल’ यांमधील रेषा निसर्गाने आखलेली नाही, ती माणसाने अनुभवाने आखली आहे, हे यावरून ध्यानात यावे.

उपचाराचा पाया शस्त्रक्रिया हाच होय. डोनाल्ड सिम्प्सन यांनी १९५७ साली सर्व प्रकारच्या मेनिंजिओमांबाबत दाखवून दिले, की आवरणासह संपूर्ण गाठ काढल्यास ती ९ टक्के रुग्णांत परतते. काही भाग मागे राहिल्यास हेच प्रमाण ४४ टक्क्यांवर जाते. परंतु कवटीच्या तळाशी, नेत्रमज्जा वा मोठ्या रक्तवाहिनी यांना बिलगलेली गाठ समूळ काढण्याचा हट्ट धरणे म्हणजे रोगाऐवजी रोग्याचाच बळी देणे होईल.

खरा वाद आहे तो किरणोपचारांविषयी. दुसऱ्या श्रेणीच्या गाठीचा अंश मागे राहिला असेल, तर ते द्यावेत याकडे सर्वसाधारण कल असतो. गाठ पूर्ण निघाली असता ते लगेच द्यावेत, की लक्ष ठेवून थांबावे? २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपीय व अमेरिकन अशा दोन अभ्यासांत शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार घेतलेल्यांपैकी अनुक्रमे ८८.७ व ९३.८ टक्के रुग्णांत तीन वर्षांपर्यंत रोग वाढला नाही. आकडे आशादायक खरे. पण किरणोपचारांविना किती जण असेच राहिले असते, हे त्यांतून कळत नाही. म्हणूनच २०१५ मध्ये ब्रिटनच्या पुढाकाराने आणि २०१७ मध्ये अमेरिकेत रुग्णांची दोन गटांत यदृच्छेने विभागणी करणाऱ्या तुलनात्मक चाचण्या सुरू कराव्या लागल्या.

असा निर्णय केवळ वैद्यकीय राहत नाही. किरणोपचारांनी थकवा येतो. कालांतराने स्मरण व एकाग्रता यांवरही परिणाम होऊ शकतो. वर्गात शिकविणाऱ्या शिक्षकाला किंवा हिशेब सांभाळणाऱ्या कारकुनाला ही हानी तुच्छ नाही. उलट, गाठ परतली तर दुसरी शस्त्रक्रिया अधिक अवघड असते. यांतील कोणता धोका पत्करावयाचा, हे ठरविण्यात रुग्णाचा वाटा असलाच पाहिजे. आणि तो केव्हा असेल? अहवालाचा अर्थ त्याला त्याच्या भाषेत कळेल तेव्हाच.

असे सांगून रुग्णाला विनाकारण घाबरवू नये, असा आक्षेप घेतला जाईल. तो अगदीच निराधार नाही. मात्र ‘साधी गाठ होती, निघाली’ एवढेच ऐकून गावी परतलेला रुग्ण पुढील एमआरआय तपासणीस येत नाही. आणि गाठ परतल्याचे कळते ते फिट आल्यावर किंवा दृष्टी मंदावल्यावर. अज्ञानाने मिळणारी निश्चिंती महाग पडते, ती अशी.

ॲटिपिकल मेनिंजिओमाचे अनेक रुग्ण शस्त्रक्रियेनंतर दीर्घकाळ जगतात. म्हणूनच त्यांच्याकडे वर्षानुवर्षे लक्ष पुरविणे अगत्याचे आहे. रुग्णालयाने घरी पाठविताना श्रेणी, शस्त्रक्रियेची पूर्णता व पुढील तपासण्यांच्या तारखा मराठीत लिहून द्याव्यात. शस्त्रक्रियेला साहाय्य करणाऱ्या शासनाने पुढील तपासण्यांचा व प्रवासाचा खर्चही उपचाराचाच भाग मानावा. टाके काढले म्हणजे उपचार संपले, ही समजूत आता रुग्णालयांनी व शासनाने तरी सोडावयास हवी.