पाचोळा जाळूं नये

कान्ह्याच्या पावसांत आंब्याखालचा ओला पाचोळा उचलावा, म्हणजे करड्या कवचाचे बारीक जीव अंधाराकडे पळतात. मुलें त्यांस किडे म्हणतात. पण कीटकास पाय सहा, आणि यांस १४. हा प्राणी वस्तुतः भाताच्या बांधावरील खेकड्याचा भाऊबंद होय. तो कल्ल्यांसारख्या अवयवांनीं श्वास घेतो, म्हणून ओल सुटली कीं मरतो. मादी अंडीं पोटाखालच्या ओलसर पिशवींत घेऊन हिंडते.

कुजकीं पानें हें त्याचें अन्न. तीं तो बारीक करतो, मग बुरशी व जंतू त्यांची माती करतात. त्यास कोळी, गोम, बेडूक खातात. बेडकास दिवड, आणि दिवडास सर्पगरुड. म्हणजे आकाशांतल्या त्या शिळेचें मूळ या पाचोळ्यांतही आहे!

राब भाजणाऱ्या शेतकऱ्याशीं आमचा वाद नाहीं; त्यास रोपांची काळजी असते. परंतु केवळ अंगण नीटस दिसावें म्हणून पाला पेटविणें आम्हांस पटत नाहीं. गतवर्षीं आम्हींच तो पेटविला होता. यंदा कुंपणालगतचा एक कोपरा झाडावयाचा नाहीं, असें ठरविलें आहे. पालकांनीं तो मुलांचा आळस समजूं नये.